अर्धे तिकीट

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (1897) या कादंबरीत सुरुवातीलाच एक छोटा प्रसंग येतो. तरुण वकील जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हेनियातल्या त्या किल्ल्यात काउंटच्या ग्रंथालयात शिरतो, तेव्हा काउंट कोचावर आडवा होऊन काहीतरी वाचत असतो. ते असते ब्रॅडशॉ, म्हणजे इंग्लंडच्या आगगाड्यांचे वेळापत्रक. हार्करला त्याचे नवल वाटते. विद्यार्थिदशेत मलाही तो तपशील नुसता गमतीचा वाटला होता. यंदाच्या हिवाळ्यात मात्र रात्रीची जेवणे आटोपल्यावर मी रोज ब्रिटनच्या गाड्यांची वेळापत्रके वाचत बसू लागले आणि काउंटविषयी थोडी सहानुभूती वाटू लागली. परक्या देशात शिरायचे तर आधी त्याचे वेळापत्रक पाठ केले पाहिजे, हे त्याला बरोबर समजले होते. त्याच कादंबरीतली मिना हार्करही गाड्यांच्या वेळा तोंडपाठ करून ठेवते आणि पुढे काउंटचा पाठलाग करताना ते ज्ञान कामी येते. खलनायक आणि नायिका दोघेही वेळापत्रकाचे वाचक असलेली कादंबरी मराठीत आहे की नाही, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

आमचा बेत साधा आहे. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे आणि आमचे दोन मुलगे असे चौघांनी लंडन, यॉर्क, विंडरमिअर आणि एडिंबरो अशी गावे आगगाडीने पाहायची. गाडी भाड्याने घेण्याचा विचार यजमानांनी बोलून दाखवला होता, पण तो मुलांनी हाणून पाडला. धाकटा दहा वर्षांचा आहे आणि त्याला यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयातले 'मॅलार्ड' हे इंजिन पाहायचे आहे. थोरला पंधरा वर्षांचा. पण तो प्रवासाच्या ऐन मध्यावर, आम्ही विंडरमिअरला असताना, सोळा पूर्ण करणार. ब्रिटनच्या रेल्वेत पाच ते पंधरा या वयाला मुलाचे तिकीट असते आणि सोळाव्या वाढदिवसापासून माणूस प्रौढ होतो. म्हणजे थोरला यॉर्कला जाताना मूल असेल आणि एडिंबरोला जाताना प्रौढ. हे लक्षात आल्यावर तो दिवसभर ऐटीत वावरत होता, आणि मी मात्र ही रेघ कोणी, कधी आणि कशासाठी आखली याच्या शोधात पडले. सहलीच्या आखणीचे काम बाजूला राहिले. अशी कामे बाजूला राहण्याची मला सवय आहे.

आधी थोडे ब्रॅडशॉविषयी. जॉर्ज ब्रॅडशॉ हा मँचेस्टरचा नकाशे कोरणारा कारागीर. 1839 च्या ऑक्टोबरात त्याने आगगाड्यांच्या वेळांचे पहिले छोटे पुस्तक काढले. तो क्वेकर पंथाचा होता. महिन्यांची रूढ नावे मूर्तिपूजकांच्या देवतांवरून पडलेली म्हणून हे लोक ती वापरत नसत, त्यामुळे पुस्तकावर 'दहावा महिना' अशी नोंद होती. 1841 च्या अखेरीपासून हे वेळापत्रक दर महिन्याला निघू लागले आणि 1961 पर्यंत निघत राहिले. 1845 मध्ये अंक 40 नंतर एकदम 141 छापला गेला, आणि ती चूक कोणी कधीच सुधारली नाही. देशाला मिनिटांचा हिशेब शिकवणाऱ्या ग्रंथाला स्वतःचे अंक मोजता आले नाहीत, ही गोष्ट मला फार आवडते. शेरलॉक होम्स वॉटसनला गाडी बघायला सांगतो ती ब्रॅडशॉमध्येच. आपल्याकडेही कलकत्त्याच्या न्यूमन कंपनीने 'इंडियन ब्रॅडशॉ' काढले, आणि वेळापत्रकाला 'ब्रॅडशॉ' म्हणणारी पिढी आपल्या आजोबांपर्यंत होती. आज ते काम संगणक करतो. तो एका प्रश्नाला एकच उत्तर देतो. ब्रॅडशॉचे पान उघडले की आपण विचारल्या नव्हत्या त्या गाड्याही दिसत, आणि सहलीचा बेत बहुधा त्या न विचारलेल्या गाड्यांमुळेच बदलत असे.

आता रेघेकडे वळू. 1841 च्या नाताळच्या आदल्या दिवशी पहाटे लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून एक मालगाडी ब्रिस्टलकडे निघाली. तिला तिसऱ्या वर्गाचे दोन डबे जोडले होते. डबे म्हणजे बिनछपराच्या, कमी उंचीच्या कडांच्या वाघिणी. त्यांत बसलेल्यांपैकी बरेच जण पाथरवट होते. लंडनमध्ये पार्लमेंटची नवी इमारत उभी राहत होती, तिचे काम करून ते सणाला घरी निघाले होते. रेडिंगच्या अलीकडे सॉनिंग येथे टेकडी खोदून लोहमार्ग नेला आहे. पावसाने तिथली दरड रुळांवर आली होती. इंजिन तिच्यात घुसले आणि मागच्या मालाच्या वाघिणींनी या उघड्या डब्यांना चिरडले. नऊ माणसे मेली. श्रीमंतांची गाडी असती तर प्रवाशांचे डबे मालाच्या पुढे असे ठेवले गेले नसते, हे तेव्हाही लोकांना कळत होते.

या अपघाताने जो प्रश्न उभा राहिला त्याचे उत्तर 1844 च्या रेल्वे कायद्याने दिले. विल्यम ग्लॅडस्टन तेव्हा व्यापार मंडळाचा अध्यक्ष होता. या कायद्याने नव्या रेल्वे कंपन्यांवर बंधन घातले: प्रत्येक मार्गावर दिवसातून निदान एक गाडी अशी असावी, की जिच्या तिसऱ्या वर्गाचे भाडे मैलाला एक पेनीहून जास्त नसेल, जी प्रत्येक स्टेशनावर थांबेल, जिचा वेग थांबे धरून ताशी 12 मैलांहून कमी नसेल, आणि जिच्या डब्यात बसायला जागा व ऊनपावसापासून आडोसा असेल. 56 पौंड सामान फुकट. आणि याच कलमांच्या ओळीत आणखी एक वाक्य आहे: तीन वर्षांखालच्या मुलाला भाडे नाही, तीन ते बारा या वयाच्या मुलाला अर्धे भाडे.

हे वाक्य वाचून मी थांबले. आपल्या रेल्वेत पाच ते बारा या वयाला अर्धे तिकीट असते, आणि 2016 पासून स्वतंत्र बर्थ हवा असेल तर याही वयाला पूर्ण भाडे द्यावे लागते. ही बाराची मर्यादा मला लहानपणापासून नीट ठाऊक आहे. पुण्याहून कराडला मामाकडे जाताना आई कानात सांगत असे, "विचारलंच तर अकरा सांग." मी तेरा वर्षांची होईपर्यंत अकरा वर्षांची होते. ज्या बारा वर्षांवरून मी टीसीसमोर खोटे बोलले, ते बारा 1844 च्या लंडनमध्येही असेच एका कायद्यात लिहिलेले होते.

पण त्याच वर्षी त्याच पार्लमेंटने मुलांविषयी आणखी एक कायदा केला होता. 1844 च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत मुलाला कामावर घेण्याचे किमान वय नऊवरून आठवर आणले, आणि आठ ते तेरा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला साडेसहा तासांवर मर्यादित केले. उरलेला वेळ शाळेसाठी. अशा मुलांना 'हाफ-टायमर' म्हणत. म्हणजे मँचेस्टरकडच्या एखाद्या नऊ वर्षांच्या पोराला त्या वर्षी रेल्वेने अर्धे तिकीट दिले आणि गिरणीने अर्धा दिवस. त्या काळाच्या हिशेबात मूल म्हणजे माणसाचा अर्धा भाग होता, डब्यातही आणि मागावरही. धाकट्याला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "मग ते पोरगं सहलीला कधी जायचं?"

प्रश्न रास्त होता. रविवारी धर्म आडवा येई आणि बाकीच्या दिवशी गिरणी. तरीही ही माणसे गाडीत बसली, आणि ती बसली ती सहलींच्या खास गाड्यांत. थॉमस कुक याने 5 जुलै 1841 रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात नेली ती मद्यपानविरोधी सभेला. पाच वर्षांनी तो लोकांना स्कॉटलंडला घेऊन गेला. तेव्हा सीमेपलीकडे जाणारा सलग लोहमार्ग नव्हता, म्हणून फ्लीटवुडपर्यंत गाडी, मग आगबोट, मग पुन्हा गाडी. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी त्याने दीड लाखांवर माणसे नेली, आणि त्या खटपटीत त्याचा सतरा वर्षांचा मुलगा जॉन मेसन त्याच्या हाताखाली होता. बापलेकांचे पुढे पटले नाही. मुलाने धंदा वाढवला आणि बापाला हळूहळू बाजूला सारले. आमच्या घरी सहलीच्या कागदांचा ताबा थोरल्याने घेतला आहे, हे पाहून मी कुकचे चरित्र सध्या दिवाणखान्यात ठेवत नाही.

आता विंडरमिअर. हे गाव आमच्या यादीत माझ्या हट्टामुळे आले. तिथून बसने ग्रासमिअरला जाता येते आणि तिथे वर्ड्‌स्वर्थचे घर आहे. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला हा मोह आवरत नाही, मग तो शिकवत मराठी का असेना. आणि गंमत अशी, की आम्ही ज्या लोहमार्गाने विंडरमिअरला पोहोचणार तो होऊ नये म्हणून झगडलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे वर्ड्‌स्वर्थ. तेही साल 1844. त्याचे वय तेव्हा 74, आदल्याच वर्षी तो राजकवी झाला होता. केंडलहून विंडरमिअरकडे लोहमार्ग आणण्याचा बेत कळताच त्याने त्याविरुद्ध सुनीत लिहिले, 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये छापवले आणि ग्लॅडस्टनलाही पाठवले. पेनीच्या गाडीचा कायदा मंजूर होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. ज्याने गरिबांच्या डोक्यावर छप्पर आणले, त्याच्याच मेजावर ही तक्रार जाऊन पडली.

सुनीतापेक्षा त्याची पाठोपाठची पत्रे जास्त बोलकी आहेत. डोंगर-तळ्यांचे सौंदर्य पाहण्याची दृष्टी उपजत नसते, ती हळूहळू घडवावी लागते, हे त्याचे मुख्य म्हणणे. लँकेशायरच्या गिरण्यांतल्या कामकऱ्यांना हजारोंनी गाड्यांत भरून तळ्याकाठी आणून टाकले तर त्यांना तर काही मिळणार नाहीच, पण तिथली शांतता मात्र जाईल. त्यांनी आपल्या बायकामुलांना घेऊन आपल्या गावाजवळच्या शेतांतून फिरायला जावे, असा सल्ला तो देतो. आयुष्यभर भिकारी, धनगर, फेरीवाले यांच्याविषयी लिहिलेल्या कवीने हे लिहावे, याचा त्रास होतो. त्याची बाजू अगदीच खोटी नाही, हेही खरे. आज मे महिन्यात महाबळेश्वरच्या वाटेवर तीन तास अडकून पडलेला कोणीही ती मान्य करील. मीही दरवर्षी करते. पण मग माझ्या लक्षात येते की, मी स्वतः त्या रांगेत उभी आहे आणि माझ्या मागे माझ्यासारखेच इतर. ज्यांना गाडीतून उतरवावे असे वर्ड्‌स्वर्थला वाटत होते, त्यांत आम्ही चौघे येतो.

लोहमार्ग 1847 मध्ये झाला. मात्र तो ठरल्याहून आधी, तळ्यापासून वर दीड-दोन किलोमीटरवरच थांबला आणि स्टेशनाभोवती जे नवे गाव वाढले त्यालाच विंडरमिअर हे नाव मिळाले. या कवीचा एक दुवा थेट आपल्या दारापर्यंत येतो. त्याचा नातू, नाव विल्यम वर्ड्‌स्वर्थच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य होता, आणि हिंदी लोकांच्या राजकीय आकांक्षांविषयी उघड सहानुभूती बाळगणाऱ्या थोड्या इंग्रज प्राध्यापकांत त्याची गणना होई. आजोबाने लँकेशायरच्या मजुराला सौंदर्यदृष्टी नाही म्हटले. नातवाने मुंबईच्या मुलांना कविता शिकवल्या.

कायदा झाला म्हणून कंपन्यांचे मन बदलले असे नव्हे. ही 'पार्लमेंटरी' गाडी अनेक कंपन्यांनी भल्या पहाटे किंवा गैरसोयीच्या वेळी सोडून नियमाचे नुसते पालन केले. बदल घडवला तो स्पर्धेने. मिडलँड रेल्वेने 1872 मध्ये आपल्या सर्व गाड्यांना तिसरा वर्ग जोडला आणि 1875 मध्ये दुसरा वर्ग रद्द करून तिसऱ्याच्या बाकांवर गाद्या घातल्या. 1871 च्या कायद्याने बँकांच्या सुट्ट्या आल्या, शाळा सक्तीची झाली तशा शाळेच्या सुट्ट्या आल्या, आणि पगारी रजेचा कायदा यायला तर 1938 उजाडावे लागले. आईवडील आणि मुले एकाच दिवशी मोकळी असणे, एवढी साधी गोष्ट जुळून यायला शंभर वर्षे लागली. एका कुटुंबाने चार गावांची सहल आखायची म्हटली की हे सगळे गृहीत धरलेले असते.

एक गोष्ट मुलांना सांगावी की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला आणि मग सांगितली. 12 जून 1889 रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावातून रविवारच्या धर्मशाळेची सहल वॉरनपॉइंटच्या समुद्रकिनाऱ्याला निघाली. अपेक्षेहून जास्त माणसे आली, म्हणून जादा डबे जोडले. नऊशेच्या वर माणसे गाडीत बसली, त्यांत मुले पुष्कळ. गावाबाहेरच्या चढावर इंजिन दमले आणि गाडी थांबली. पुढचे काही डबे आधी वर नेऊन ठेवावेत आणि मग उरलेल्यांसाठी परत यावे, असे ठरले. डबे सोडवले. त्या गाडीचे व्हॅक्यूम ब्रेक असे होते की, जोडणी सुटली की ते निकामी होत. मागच्या दहा डब्यांचा भार एका गार्डच्या हातब्रेकवर आणि चाकांखाली सरकवलेल्या दगडांवर होता. पुढच्या भागाचा निघताना किंचित मागे धक्का बसला, दगड चिरडले, आणि डबे उतारावरून मागे धावू लागले. मागून नेहमीची गाडी येत होती. किमान ऐंशी माणसे मेली.

त्याच वर्षी कायदा झाला आणि प्रवासी गाड्यांना अखंड व आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले. गाडी तुटली तर ब्रेक सुटण्याऐवजी लागले पाहिजेत, हे त्यातले तत्त्व. ते ब्रेक आधीच अस्तित्वात होते, फक्त खर्चिक होते. त्या मार्गावरची दुसरी गाडी पहिल्याच्या मागे ठरावीक मिनिटांनी सोडली होती, आधीचा टप्पा रिकामा झाला की नाही हे न पाहता. तेही या कायद्याने बंद झाले. थोरल्याने सगळे ऐकून एवढेच विचारले, की डबे सोडवण्याचा निर्णय कोणी घेतला. निर्णय घेणाऱ्यांना गर्दी घाईने पुढे न्यायची होती, सहल चुकवायची नव्हती, असे मी म्हटले. तो गप्प राहिला. सहलीची आखणी करणाऱ्याने ही गोष्ट ऐकलेली बरी, असे माझे मत आहे.

लंडनमधला एक दिवस आम्ही डिडकॉटला जाण्यासाठी राखला आहे. पॅडिंग्टनहून जाताना वाटेत सॉनिंगची ती खिंड लागेल. डिडकॉटला जुन्या इंजिनांचे मोठे केंद्र आहे. मुलांना वाटते आई आमच्यासाठी चालली आहे. मी चालले आहे ती एका लहान इंजिनासाठी, आणि खरे तर पंडिता रमाबाईंसाठी. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन, आणि वाँटिज गावातल्या जोगिणींच्या आश्रमात राहिल्या. त्यांचे 'इंग्लंडचा प्रवास' हे पत्र त्याच वर्षी छापले गेले. मराठी बाईने मुलाला कडेवर घेऊन केलेल्या इंग्लंडच्या प्रवासाचे ते आरंभीचे लेखन आहे. मनोरमा तीन वर्षांखालची, म्हणजे 1844 च्या कायद्याच्या भाषेत तिला भाडे नव्हते.

वाँटिज गाव मुख्य लोहमार्गापासून दोन-अडीच मैल आत. स्टेशन आणि गाव यांना जोडणारी छोटी वाफेची ट्रॅम होती, 1875 मध्ये सुरू झालेली. तिच्यासाठी 1878 मध्ये घेतलेले 'शॅनन' नावाचे, 1857 साली बांधलेले बुटके इंजिन लोकांनी 'जेन' करून टाकले. रमाबाई वाँटिजला राहत होत्या तेव्हा 'जेन' गाव आणि स्टेशन यांच्यात ये-जा करत होती. ती आज डिडकॉटला उभी आहे. वाँटिजला मात्र गाडीने जाता येत नाही. ट्रॅमची प्रवासी वाहतूक 1925 मध्ये थांबली आणि मुख्य मार्गावरचे वाँटिज रोड स्टेशन 1964 मध्ये बंद झाले. आदल्या वर्षी डॉ. बीचिंग यांचा प्रसिद्ध अहवाल आला होता. तोट्यातली म्हणून 2,363 स्टेशने बंद करावीत अशी त्याची शिफारस होती. सगळी झाली नाहीत, पण बहुतेक झाली. ब्रिटनच्या नकाशावर इंग्रजी कादंबऱ्यांतली गावे शोधताना पुन्हा पुन्हा हा अनुभव येतो: पुस्तकात स्टेशन आहे, आज नाही.

थोरल्याने एकदा विचारले होते, लंडनचे मुख्य स्टेशन कोणते? मुख्य स्टेशन नाही. 1846 च्या एका शाही आयोगाने शहराच्या मध्यात रेल्वे आणू दिली नाही, म्हणून प्रत्येक कंपनीने आपापले स्टेशन शहराच्या वेशीवर बांधले, आणि एका स्टेशनावर उतरून दुसऱ्यावर जाणाऱ्यांची सोय करायला 1863 मध्ये भुयारी गाडी आली. मुले सामान घेऊन त्या भुयारांतून फिरणार आहेत, त्याचे कारण हे.

यॉर्कविषयी मी थोडेच लिहिते, कारण तो धाकट्याचा प्रांत. 'मॅलार्ड'ने 3 जुलै 1938 रोजी ताशी 126 मैलांचा वेग गाठला, वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कायम आहे, ही माहिती आमच्या घरी दिवसातून निदान एकदा सांगितली जाते. इंजिनांचे क्रमांक वहीत टिपत स्टेशनाच्या टोकाशी उभे राहणारी ब्रिटिश मुले हा एक स्वतंत्र विषय आहे. वॉटर्लूच्या रेल्वे कचेरीतला इयन ॲलन नावाचा विशीतला कारकून इंजिनांविषयी विचारणाऱ्या पत्रांना उत्तरे देऊन कंटाळला आणि 1942 मध्ये त्याने क्रमांकांची पुस्तिकाच छापली. तिच्यातून एका पिढीचा छंद तयार झाला. हा छंद मुलग्यांचाच मानला गेला. त्याआधीच 1906 मध्ये ई. नेस्बिटने 'द रेल्वे चिल्ड्रेन' लिहिली होती, आणि तिच्या केंद्रस्थानी मुलगी आहे, हे मी या घरात अल्पमतात असल्यामुळे नोंदवून ठेवते. त्या गोष्टीत वडिलांना खोट्या आरोपावरून नेलेले असते, आणि शेवटी गाडीच त्यांना परत आणते.

लिव्हरपूल स्ट्रीट हे लंडनचे एक स्टेशन आमच्या मार्गावर नाही. ते मी यादीत घातले. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची घरे, दुकाने, प्रार्थनास्थळे जाळली गेली, तेव्हा ब्रिटनने तिथल्या मुलांना आसरा देण्याचे मान्य केले. अटी होत्या. आईवडिलांना परवानगी नव्हती. पुढे प्रत्येक मुलामागे 50 पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. आणि वय सतराच्या आत असले पाहिजे होते. 2 डिसेंबर 1938 रोजी मुलांची पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुले आली. बंदरातून गाडीने लिव्हरपूल स्ट्रीटला, आणि तिथे नाव पुकारले की कोणा अनोळखी माणसाबरोबर. स्टेशनाबाहेर त्या मुलांचे एक शिल्प आहे, 2006 साली बसवलेले. ते घडवणारा फ्रँक माइझलर स्वतः डान्झिगहून असाच आलेला होता. 1939 च्या सप्टेंबरात मग लंडनच्या स्वतःच्याच मुलांची पाळी आली. बॉम्बच्या भीतीने तीन दिवसांत सुमारे पंधरा लाख माणसे शहरांतून बाहेर हलवली, बहुतेक मुलेच. गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खांद्याला गॅसच्या मुखवट्याची पेटी.

हे मी जेवणाच्या टेबलावर सांगत होते तेव्हा थोरल्याने मध्येच विचारले, "सतरा पूर्ण झालेल्याचं काय?"

त्याला परवानगी नव्हती, मी म्हटले.

"म्हणजे धाकट्या भावाला घेतलं आणि मोठ्याला नाही, असंही झालं असेल."

मी काही बोलले नाही. धाकटा भाताची मूद चमच्याने फोडत होता.

आखणी आता पुष्कळ पुढे गेली आहे. 2019 पासून ब्रिटनच्या रेल्वेने सोळा-सतरा वर्षांच्यांसाठी एक वेगळे सवलतपत्र काढले आहे, ते घेतले तर बऱ्याच गाड्यांत त्यांना जवळजवळ अर्धेच भाडे पडते, हे मी शोधून काढले आणि थोरल्याला सांगितले. कुटुंबासाठीचे सवलतपत्र काढले तर मुलांच्या भाड्यात साठ टक्के सूट आणि मोठ्यांच्या भाड्यात एक तृतीयांश. काय स्वस्त पडते याचा तक्ता त्याने तीन रंगांत केला. स्वस्त तिकिटे सुमारे बारा आठवडे आधी खुली होतात, म्हणून त्याने दिनदर्शिकेवर त्या दिवशी खूण केली आहे. विंडरमिअरहून ऑक्सनहोम, तिथे गाडी बदलायची, मग एडिंबरो. त्या दिवसाच्या चौकटीत त्याने आपल्या गोल अक्षरात लिहिले आहे: प्रौढ 3, मूल 1.